कागद फाडला, अक्षर राहिलं

आमच्या सातारा-सांगलीकडं गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाकळ म्हटलं की काहीतरी मळकं, फाटकं डोळ्यांपुढं येतं. पण आमची पिढी वाकळंतच जन्मली आणि वाकळंतच वाढली. संस्कृतात तिला कंथा म्हणतात. बंगालातल्या बायका शिवतात तो कांथाही त्याच गोतातला. जुनं कापड फेकायचं नाही, थरावर थर घालून त्याला पुन्हा जीव द्यायचा, ही अक्कल गरिबाघरची. ती देशभर सारखीच.

माझी आई वाकळा शिवायची ती सुगी आटोपल्यावर, चैत-वैशाखात. लिंबाच्या सावलीला जमीन सारवून घ्यायची. खाली एक धडसं लुगडं अंथरायचं. त्यावर फाटकी धोतरं, पटके, सदरे यांचे थर. वरून दुसरं लुगडं. लुगडं नऊवारी, त्यामुळं एकाच्या दोन घड्या सहज व्हायच्या. काठ उसवून बाजूला ठेवायचे, ते शेवटी कडेला पट्टी म्हणून लागायचे. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. एक चौकोन झाला की दोन बोटं आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं करत करत मधोमध यायचं. एका वाकळंला महिना सहज जाई. घरातलं काम कुणाला चुकलं होतं?

आईनं कधी कापडावर खूण केली नाही. तिच्या डोळ्यांतच फूटपट्टी होती. फारच झालं तर निळीच्या पाण्यात दोरा बुडवून दोघींनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ उठायची. सुतार लाकडावर मारतो तशीच. गोल पाहिजे असेल तर ताट पालथं घालायचं, लहान गोलाला बांगडी. मोर, वेल, कोयरी असलं काही आमच्या वाकळंवर नसायचं. पांघरायला नक्षी कशाला, असं आजी म्हणायची.

१९७२ चा दुष्काळ आला आणि सगळंच बदललं. आई खडी फोडायला जायला लागली. माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा चौदा वर्षांची, सातवीत होती. तिची शाळा सुटली आणि हातात हातोडा आला. मी बारा वर्षांचा. माझी शाळा चालू राहिली. घरात कुणी बसून तसं ठरवलं असं मला आठवत नाही. ते न बोलता ठरलेलं होतं. दुष्काळ हटला, विहिरीला पाणी आलं, पण आक्का काही शाळंत परत गेली नाही.

पुढं तालुक्याच्या गावी बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला. आमच्या आळीतली एक जण जायची, तिच्याकडून आक्का सगळं बघून शिकली. नक्षी कापडावर उतरवायच्या दोन रीती ती शिकली. एक कार्बन पेपरची. दुसरी खाक्याची, म्हणजे कागदावर नक्षी काढायची, रेघंवर सुईनं टोचून भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून कापसाच्या बोळ्यानं वरून फिरवायची. भोकांतून ठिपके उतरतात. उशीच्या अभ्र्याला ही रीत झकास. वाकळंवर मात्र ती चालंना. लुगडं हिरवं, काळपट, चौकडीचं. त्यावर निळे ठिपके दिसायचे नाहीत. खाली थरांमुळं उंचसखल, त्यामुळं ठिपके फिस्कटायचे. आणि महिनाभर मांडीवर घेऊन शिवायचं म्हटल्यावर आठ दिवसांत खूण पुसून जायची.

मग आक्कानं तिसरी रीत धरली. नक्षी कागदावरच राहू द्यायची. तो कागद वाकळंवर कच्च्या टाक्यांनी डकवायचा, कागदासकट धावदोरा घालायचा आणि शेवटी कागद फाडून काढायचा. कापडाला डाग नाही, काही नाही. कापड काळं असो की गोरं, कागदावरची रेघ दिसतेच.

ऐकायला हे सोपं, पण पहिल्यांदा तिनं वर्तमानपत्राची रद्दी वापरली तर शाई पांढऱ्या कापडाला लागली. मग माझ्या वहीचं पान घेतलं. ते जाड. फाडताना टाकेच वर उचलून आले. कॉपिंग पेन्सिलीनं काढलं तर घामाच्या हातानं जांभळं झालं. शेवटी चुलते मुंबईहून आले. ते गिरणीत होते. त्यांनी आणलेलं नवं कापड पातळ कागदात गुंडाळलेलं होतं. तो कागद बरोबर जमला. त्यावर साध्या शिसपेन्सिलीनं काढायचं. टाका तांदळाएवढा बारीक घालायचा, म्हणजे टपालाच्या तिकिटासारखी जवळजवळ भोकं पडतात आणि कागद तिथंच तुटतो. टाका लांब पडला की फाडताना दोरा सैल होतो. फाडताना टाक्यावर अंगठा दाबून धरायचा आणि कागद वर न ओढता बाजूला ओढायचा. टाक्याखाली अडकलेले कपटे टाचणीनं काढायचे. राहिलेले पहिल्या धुण्यात जातात.

नव्या पॅटर्नच्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. मी दुसऱ्या वर्षी बसलो आणि पास झालो. त्याच उन्हाळ्यात आक्काचं लग्न ठरलं. रुखवतात ठेवायला आई आणि आक्का मिळून वाकळ शिवत होत्या. मधे कमळ, चार कोपऱ्यांना कोयऱ्या. सगळं कागदावरून उतरवलेलं. होत आल्यावर आई मला म्हणाली, "माझं नाव लिहून दे कागदावर. लेकीच्या सासरी कळाया पायजे, कुणाच्या हातचं हाय."

आईला अक्षर ओळखत नव्हतं. मी दहावी पास झालेला, अंगात वारं शिरलेलं. एका फटक्यात तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि बाहेर पळालो. आईनं चार दिवस ते नाव शिवलं. मग अंगठा दाबत दाबत कागद फाडला. माझी पेन्सिल कागदाबरोबर गेली, लाल दोऱ्यातलं नाव राहिलं. आई त्यावरून बोट फिरवत किती तरी वेळ बसली होती.

१९७८ साली गांधी जयंतीला प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पुढं आमच्या गावातही रात्रीचा वर्ग भरला. आई गेली नाही. म्हणाली, "मला माझं नाव येतंय." खरंच येत होतं. पाटीवर काढून दाखवलं. हाताला वळण बसलं होतं ते सुईनं.

वडील वारल्यावर वारस नोंदीच्या कागदावर सही करायची वेळ आली, तेव्हा तिथल्या कारकुनानं अडवलं. "आजी, नाव चुकीचं लिहिताय. कागदाशी जुळत नाही. अंगठाच द्या." मी वाकून बघितलं. तिनं ज्या अक्षराला पहिली वेलांटी दिली होती, त्याला दुसरी पाहिजे होती. चूक तिची नव्हती. माझी होती. आई म्हणाली, "अंगठा न्हाय देणार." दुपारपर्यंत ती बाकड्यावर बसून राहिली. शेवटी त्यानं तीच सही घेतली. शेवटपर्यंत ती तशीच सही करत राहिली आणि चूक तुझी होती, असं सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता वाकळा कोण शिवतंय? सुती लुगडी गेली, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या घसरतात, त्यांचे थर एकमेकांना धरत नाहीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर चुलते गावाकडं आले ते कायमचे, आणि तो कापडाचा पातळ कागदही यायचा बंद झाला. शहरात म्हणे आता गोधड्या दुकानात मिळतात. पूर्वी बिनपैशाच्या होत्या, तेव्हा घेताना लाज वाटायची.

गेल्या दसऱ्याच्या आधी आक्काकडं गेलो होतो. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायची तिच्याकडं अजून रीत आहे. दोरीवर ती वाकळ वाळत होती. कमळाचे टाके ठिकठिकाणी तुटलेत. नाव मात्र शाबूत आहे. मी वेलांटीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "आक्का, ही मी चुकलो होतो."

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

ती वाकळ उलटी करून दुसऱ्या बाजूनं उन्हाला घालत होती. म्हणाली, "तू धावी पास. मी सातवीतनं उठलेली. मला वाटलं, माझंच चुकत असंल."