नोंदवहीत नसलेल्या मुली : वऱ्हाडात हा विषय शोधायचा कुठे?

किशोरवयीन मुलींची उघडकीस न आलेली बालगुन्हेगारी हा विषय घ्यायचा आणि क्षेत्र अकोला-अमरावती निवडायचं, म्हटलं की आपण आधी पोलीस रेकॉर्डकडे धावतो. थांबा. त्या रेकॉर्डचाच इतिहास आधी बघा.

१८९७ च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स कायद्यात बालगुन्हेगार म्हणजे १५ वर्षांखालचा 'मुलगा'. मुलगी व्याख्येतच नाही. १९३० पासून लागू झालेल्या सारडा कायद्यातही मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ च होतं. म्हणजे आज ज्याला आपण किशोरवय म्हणतो, त्या वयात कितीतरी पोरी कुणाच्या तरी सुना होत्या. सुनेनं घरातली ज्वारी परस्पर विकली तर प्रकरण ठाण्यात कशाला जाईल? पुढे १९८६ च्या बाल न्याय कायद्यानं मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत अल्पवयीन धरली. २००० मध्ये दोघांनाही १८ झालं. त्यामुळे २००० च्या आधीचे आणि नंतरचे मुलामुलींचे आकडे एका तक्त्यात मांडताना जपून.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पळून गेलेल्या मुलीच्या बाबतीत आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत १८ खालची मुलगी पालकांच्या ताब्यातून नेली की कलम ३६३, अपहरण लागायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर तर हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा. संरक्षण म्हणून हे हवंच. मात्र ती स्वतः ठरवून घरून निघाली असेल, पैसे उचलले असतील, तर ते कागदावर उरत नाही. तिथं ती फक्त 'पीडित' असते.

म्हणून स्वकथन पद्धत. अमेरिकेत पोर्टरफील्डनं १९४६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा बालन्यायालयात आलेल्या मुलांसारखीच कृत्यं त्यांनीही केल्याचं निघालं. पकडले मात्र गेले नव्हते.

हीच प्रश्नावली आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार १८ खालच्या व्यक्तीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की कळवणं बंधनकारक, आणि तिची 'संमती' कायदा मानत नाही. म्हणजे मुलीनं विश्वासानं सांगितलं तर तुम्हालाच ठाण्यात जावं लागेल. माझं मत विचाराल तर संबंधांचे प्रश्न घालूच नका. चोरी, मारामारी, शाळा बुडवणं, खर्रा, एवढंच विचारा, तेही निनावी. आणि मुलाखत घेणार असाल तर ही अट मुलीला आधी सांगा, नंतर नाही.