दाखले मोजले, वाचणारा कुणी मोजला?

शेतकरी आत्महत्येच्या बातमीत ‘कर्जाला कंटाळून’ हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं डोळे झाकून टाकत आलो. मग एक जुना शोधनिबंध हाती लागला: डॉ. प्रकाश बेहेरे यांचा, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा. २००८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त छापलेला.

हे नियतकालिक भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं. संघटना १९४७ची, नियतकालिक १९४९चं. आधी नावात मेंदूविकारही होते. १९५८पासून आजचं नाव.

अशा नियतकालिकाची पत ठरते ‘इम्पॅक्ट फॅक्टर’वर. युजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत हा आकडा काढला, तो सूचीसाठी नियतकालिकं निवडायला. हिशेब सोपा: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदा किती दाखले दिले गेले, भागिले लेखांची संख्या. पुढे याच आकड्यावर माणसांच्या बढत्याही ठरू लागल्या.

पण मंडळी, विदर्भावरचा निबंध दूरच्या संशोधकाला कशाला लागेल? आणि तालुक्याच्या डॉक्टरने तो वाचून एक जीव वाचवला, तर तो दाखला कुठल्याच हिशेबात येत नाही.

माझाही येणार नाही. पण ते दोन शब्द मी आता चौकशी केल्याशिवाय लिहीत नाही.