साक्षीदार ते हुतात्मा

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर मी अनेक वर्षे सकाळी फिरायला जातो. जुने नाशिककर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. नावातल्या पहिल्या शब्दाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. ‘मार्टर’ला आपण ‘हुतात्मा’ हा प्रतिशब्द सहज देतो. पण कुळी शोधू लागलो, तर दोघांची घराणीच वेगळी निघाली.

‘मार्टर’चे मूळ ग्रीक ‘मार्टुस’. त्याचा अर्थ साधा, साक्षीदार. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी श्रद्धेची साक्ष देणाऱ्याला हा शब्द लावला. रोमन राजवटीत ती साक्ष जिवावर बेतू लागली आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ‘साक्ष देणारा’ हा ‘साक्षीपायी मेलेला’ झाला. लॅटिनमार्गे इंग्रजीत आला तो हा नवा अर्थ घेऊनच. पुढे धर्माची अट सैल झाली. कोणत्याही ध्येयासाठी मरणारा मार्टर ठरू लागला. अरबी ‘शहीद’च्या मुळाशीही साक्षच आहे. आपल्या शेजारच्या गुजरातीत साक्षीदाराला ‘साहेद’ म्हणतात, तो त्याच कुळातला.

‘हुतात्मा’त मात्र साक्ष नाही, यज्ञ आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. मराठीत हा शब्द रुजवला तो आमच्या भगूरच्या वि. दा. सावरकरांनी. 1857च्या वीरांना उद्देशून त्यांनी 1908मध्ये लंडनहून पत्रक काढले, ते मात्र इंग्रजीत होते: ‘ओ मार्टर्स’.

21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढच्या नाशिक कटाच्या खटल्यात, लंडनहून 20 पिस्तुले आणणारा चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. जुन्या ग्रीकाने कोर्टातल्या चतुर्भुजालाही ‘मार्टुस’च म्हटले असते! मराठीने एकाला साक्षीदार म्हटले, दुसऱ्यांना हुतात्मे.

नंतर शब्दाची कक्षा रुंदावली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबाराला बळी पडलेल्यांनाही तो मिळाला, फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. आज सीमेवर पडलेल्या जवानालाही आपण हुतात्माच म्हणतो.

हा शब्द मला प्रिय आहे, तरी इतिहास लिहिताना तो अडवतो. साक्षीची उलटतपासणी घेता येते. आहुतीपुढे माणूस हात जोडतो आणि गप्प बसतो. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, ‘पंडित’ म्हणून ओळखला जाई. मग तरुणांनी त्यालाच का निवडले? हे विचारले, तर कान्हेऱ्यांचा अवमान होत नाही. या प्रश्नाच्या उत्तरात बाबाराव सावरकरांचा खटला येतो, काळ्या पाण्याची शिक्षा येते, त्या काळातले धगधगते नाशिक येते. कान्हेऱ्यांची साक्ष ती हीच. हात जोडून झाल्यावर ती ऐकायचे काम आपले आहे.