लाकडी जाळीकाम : आपल्या किनाऱ्यावरून आखाताकडे

आपल्या समाजाला लाकूडकाम परके नाही. कोकणात आपण ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलो, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु घाणा चालविणाऱ्या या लोकांपैकी कितीतरी जण पुढे मुंबईस येऊन सुतार झाले, गवंडी झाले, गोदीत आणि इमारतींच्या कामावर राबले, हे आपण फारसे सांगत नाही. पलटणीत सुभेदार झालेल्या पूर्वजाची तसबीर दिवाणखान्यात असते. रंधा मारणाऱ्या पूर्वजाची नसते.

हे लिहिण्यास निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो शारजा येथे नोकरीस आहे. २०२० साली इस्राएल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाल्यापासून आपल्यासारख्यांना तिकडे उघडपणे जाता येते, म्हणून मीही जाऊन आले. सुटीच्या दिवशी तो विजेवर चालणाऱ्या एका छोट्या करवतीने लाकडाच्या जाळ्या, दिवे, नावपाट्या कापीत बसतो. या यंत्राला स्क्रोल सॉ म्हणतात. याची हाताने चालविण्याची जुनी बहीण म्हणजे फ्रेट सॉ, आणि त्या कामाला आपल्याकडे फ्रेटवर्क असे नाव होते. “मावशी, इकडे आता हा नवाच छंद निघाला आहे,” असे तो म्हणाला. छंद नवा असेल. पण त्या किनाऱ्यावर लाकडाची जाळी मुळीच नवी नाही, आणि तिचे बरेचसे लाकूड तर आपल्याच बाजूने गेलेले आहे.

आधी करवतीविषयी थोडे सांगते. साधी करवत फळीच्या कडेपासून आत शिरते. जाळीला कड चालत नाही, मधलाच तुकडा काढावा लागतो. म्हणून सामत्याने एक बारीक भोक पाडायचे, पाते एका टोकास सोडवून त्या भोकातून ओवायचे, पुन्हा चौकटीत ताणून बसवायचे आणि मग कापायचे. जाळीत चाळीस भोके असली तर चाळीस वेळा हेच करायचे! पाते सुमारे पाच इंच लांब व शिवणाच्या जाड दोऱ्याइतके बारीक असते. त्याचे दाते खाली तोंड करून बसवतात. ते नीट ताणलेले असले तर बोटाने छेडल्यावर तारेसारखा स्वर निघतो, ढिले असले तर वळणावर हमखास तुटते. शस्त्रक्रियागृहात काम केलेल्या भगिनींना हे वाचून जिग्लीची करवत आठवेल. लिओनार्दो जिग्ली या इटालियन प्रसूतितज्ज्ञाने १८९४ च्या सुमारास हाड कापण्यासाठी दातेरी तार वापरात आणली. तीही अशीच आतून ओवून बाहेरच्या बाजूस कापीत आणायची. सुताराची युक्ती आणि शल्यविशारदाची युक्ती यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

युरोपात हे काम प्रथम राजेरजवाड्यांचे होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा कारागीर आंद्रे शार्ल बूल (१६४२-१७३२) पितळेचा पत्रा आणि कासवाची पाठ एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापीत असे, म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात तंतोतंत बसे. एकोणिसाव्या शतकात पायाने चालविण्याची स्वस्त यंत्रे निघाली आणि हा उद्योग मध्यमवर्गीयांच्या घरात शिरला. इंग्लंडात डेरेहॅम या गावी ‘हॉबीज’ नावाची कंपनी होती. तिने १८९५ मध्ये साप्ताहिक सुरू केले व त्यासोबत कापण्याच्या नक्षीचा कागद देण्याची प्रथा पाडली. कागद फळीवर चिकटवायचा आणि रेघेवरून करवत फिरवायची. कारकून, शिक्षक, शाळकरी मुले यांनी घरोघर घड्याळांच्या चौकटी आणि भिंतीवरची शेल्फे कापली. पोटासाठी करायचे काम फुरसतीचे झाले ते येथे.

त्याच शतकात मुंबईत मात्र ही जाळी पोटासाठीच कापली जात होती. मुंबईचे काळे शिसवी सामान प्रसिद्ध होते. कोच, खुर्च्या, गोल मेजे, आणि त्यांच्या पाठींवर व कडांवर वेलबुट्टीची इतकी दाट जाळी की लाकूड आहे की लेस, असा प्रश्न पडावा. धूळ पुसणाऱ्याचे हाल व्हावेत असेच ते सामान, पण कारागिरी अस्सल. साध्या घरांतूनही पागोळ्यांखाली लाकडी झालर असे, जिन्याला आणि गॅलरीला कापीव कठडा असे. जुन्या रेल्वे स्टेशनांच्या छपरांना तशा झालरी आजही काही ठिकाणी दिसतात.

आता आखात. त्या किनाऱ्यावर खजूर आहे, घाफ आहे, बाभळीच्या जातीची झाडे आहेत, पण नक्षीला चालेल अशी रुंद फळी त्यांतून निघत नाही. त्यामुळे घरातले बहुतेक लाकूड समुद्रावरून येई. छपराच्या वाशांसाठी पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांतील कांदळवनाचे सोट येत. त्यांची लांबी बेताची, म्हणून जुन्या घरांच्या खोल्याही साधारण तीन-साडेतीन मीटर रुंदीच्याच राहिल्या. दारे, खिडक्या, कठडे आणि गलबते यांसाठी मात्र हिंदुस्थानचे सागवान लागे. सागवानात तेल असते, त्याला वाळवी लागत नाही आणि खाऱ्या हवेने ते कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये अजून तरंगत उभे आहे, यावरून त्या लाकडाची कल्पना यावी.

या व्यापारामागे पैसा होता मोत्यांचा. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि परत जाताना गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले व लाकूड जाई. हा संबंध इतका घट्ट होता की तिकडे चलनही रुपयाचेच होते. १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया काढावा लागला आणि तो १९६६ पर्यंत चालला. शारजात बैत अल् नबूदा हे एका मोती व्यापाऱ्याचे सुमारे १८४५ चे घर आहे. या व्यापाऱ्याचा हिंदुस्थानशी व्यवहार होता. त्याच्या अंगणाला ग्रीक-रोमन धर्तीचे लाकडी खांब आहेत. आत पाऊल टाकताच मला ओसरी, चौक, कठडा हे सगळे ओळखीचे वाटले. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, पण घराची चाल आपल्याकडच्या वाड्याची.

अशा घरांतून दारा-खिडक्यांच्या वरच्या भागात जाळी बसवीत, कधी लाकडाची, कधी जिप्समची. गरम हवा वर चढते व जाळीतून निघून जाते. उजेड येतो पण डोळ्यांवर येत नाही. आणि आतल्या बायकांना बाहेरचे दिसते, बाहेरच्यांना आतले दिसत नाही. एका जाळीने तीन कामे! दुबईतील बस्तकिया वस्तीत, जिला आता अल् फहीदी म्हणतात, वारा खाली आणणारे मनोरे आणि ही दारे-खिडक्या आजही पाहता येतात. इराणातील बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी १८९० नंतर ती वस्ती उभारली.

१९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा व्यापार बुडाला. अबू धाबीचे तेल १९६२ मध्ये जहाजावर चढले, दुबईचे १९६९ मध्ये. पाठोपाठ सिमेंट आले, वीज आली, वातानुकूलन यंत्रे आली. खोली थंड ठेवायची तर भोके बुजवावी लागतात. जाळीची गरजच संपली. १९८० च्या दशकात बस्तकियाचा मोठा भाग पाडला गेला, उरलेलाही जायचा होता. रेनर ओटर नावाच्या ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञाने तो वाचविण्याची खटपट केली, १९८९ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स तेथे येऊन गेले आणि वस्ती राहिली. म्हणजे आज आपण पाहतो ते एखाद-दुसऱ्या हट्टी माणसामुळे शिल्लक आहे.

इकडे करवतीला दरम्यान आणखी एक काम मिळाले होते, आणि ते माझ्या पेशातले असल्यामुळे त्याविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांचे आखडलेले गुडघे आणि घोटे सैल करण्यासाठी व्यवसायोपचारात पायाने चालणारी फ्रेट सॉ वापरू लागले. काहींना सायकलीसारखे पायडल असे. नुसते ‘पाय हलवा’ म्हटले तर रोगी दहा वेळा हलवतो आणि कंटाळतो. पण समोर नातवासाठी हत्ती कापला जात असला तर अर्धा तास पाय चालतो आणि दुखणे विसरतो. आशियातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईतच, के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी. मी नोकरीस लागले तेव्हा आमच्याकडे असे एक पायडलचे यंत्र होते. पुढे ते अडगळीत गेले, आणि त्याच्या जागी आलेल्या चकचकीत सायकलीवर कोणी आपणहून बसलेले मला आठवत नाही.

पुन्हा शारजाकडे वळते. भाच्याचे यंत्र समांतर बाहूंचे आहे. १९७० च्या दशकात जर्मनीच्या हेग्नर कंपनीने ही पद्धत पुन्हा वर आणली. पात्यावरचा ताण दोन्ही बाजूंनी सारखा राहतो, त्यामुळे पाती कमी तुटतात. तरीही सागवान कापताना ती लवकर बोथट होतात, कारण त्या लाकडात वाळूच्या जातीचा सिलिका असतो. म्हणून बहुतेक हौशी लोक प्लायवूड किंवा एमडीएफ घेतात. येथे मला परिचारिका म्हणून दटावणे भाग आहे. लाकडाचा भुसा कर्करोगास कारणीभूत होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले आहे. विशेषतः नाकाच्या पोकळीचा. एमडीएफमध्ये फॉर्माल्डिहाइडचा चिकट पदार्थ असतो, तोही त्याच यादीत आहे. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असले म्हणून बंद वातानुकूलित खोलीत करवत चालविणे म्हणजे तोच भुसा घरभर फिरविणे. बाल्कनीत बसा, धूळ ओढणारे यंत्र लावा, चांगला मास्क बांधा. भाच्याने तिन्ही गोष्टी केल्या आहेत. त्याच्या आईपेक्षा मावशीचा धाक जास्त.

अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार अशी साप्ताहिक सुटी झाली. शारजात सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारचीही असते. भाच्याची करवत रविवारी चालते, शाब्बाथला बंद. शनिवार तेल्यांच्या वंशजाला अरबस्तानात शनिवारची सुटी मिळावी, याची मला गंमत वाटते.

नावपाट्या कापताना एक मजेची गोष्ट कळते. देवनागरी अक्षरांना शिरोरेघ असते, त्यामुळे सबंध नाव एका तुकड्यात निघते. फक्त अनुस्वाराचा ठिपका गळून पडतो, त्याला रेघेशी बारीक काडीने जोडून ठेवावे लागते. अरबी अक्षरेही हातात हात घालून चालतात. हिब्रू अक्षरे मात्र प्रत्येकी सुटी. त्यांना खाली पट्टी द्यावी लागते, ‘योद’ तर हवेत लटकते. पाटीवर अक्षरे भोकांच्या रूपाने कापली तर ‘सामेख’ आणि शेवटचा ‘मेम’ यांच्या पोटातला तुकडा निसटून जातो. मेझुझाच्या डबीवर ‘शिन’ कापणे त्या मानाने सोपे. लेसरच्या दुकानात हेच काम पाच मिनिटांत होते, पण कडा करपलेल्या असतात आणि नक्षी बाजारातली.

नक्षी बाजारातली, याचेच मला अधिक वाटते. अबू धाबीत २०२३ मध्ये अब्राहमिक फॅमिली हाउस उघडले. त्यात रामबाम यांच्या नावाचे सिनेगॉग आहे. त्याचे बाहेरचे तिरपे, एकमेकांत गुंतलेले खांब सुक्क्यावरच्या फांद्यांची आठवण देतात. फार सुंदर वास्तू आहे ती. परंतु आपल्या स्वतःच्या मशिदींतली जाळी आपल्याजवळ कागदावर किती आहे? अलिबाग, पेण, रेवदंडा, पोयनाड अशी गावांची नावे आपण हौसेने घेतो. तेबाभोवतीचा कठडा, हेखालच्या वरची नक्षी, स्त्रियांच्या गॅलरीची कापीव फळी हे सारे कोणा ना कोणा मिस्त्रीने हाताने केलेले, आणि त्यांतले काही आपल्यापैकीच असावेत. कोकणात आता कित्येक ठिकाणी मिन्यानला दहा माणसे जमत नाहीत. एका गावी (नाव घेत नाही) दुरुस्तीत जुना कठडा काढून तेथे स्टीलच्या नळ्या बसविल्या. काम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. जुन्या कठड्याचा एक फोटोदेखील राहिला नाही.

मागच्या वर्षी भाचा आजोळी गेला तेव्हा त्याने तेथील मशिदीच्या कठड्याची नक्षी उतरवून आणली. ज्यांना जमेल त्यांच्यासाठी रीत सांगते. प्रथम विश्वस्तांची परवानगी घ्यावी. पातळ पांढरा कागद कापीव भागावर धरून मऊ पेन्सिल आडवी घासावी, म्हणजे कडा आपोआप उमटतात. नक्षी पुन्हापुन्हा येणारी असेल तर एकच वेळ घेतली तरी पुरे, पण कोपऱ्यावर ती कशी वळवली आहे तेवढे वेगळे उतरवावे, कारण मिस्त्रीची हुशारी तेथेच असते. मोजपट्टी शेजारी ठेवून समोरून एक फोटो घ्यावा. फळीची जाडी, लाकडाची जात, गाव व तारीख कागदाच्या मागे लिहावी. भाच्याच्या कागदावर आठ पाकळ्यांचे फूल आणि त्याला दोन्हीकडून टेकलेली पाने आहेत. त्याने ती सहा मिलिमीटरच्या प्लायवर कापून पाहिली. पाने दोनदा मोडली, तिसऱ्यांदा निघाली. आता तो जुन्या दाराचे सागवान शोधतो आहे.