बारा गावचं पाणी प्यालेलं औषध

३० ऑगस्ट २०१७. अमेरिकेच्या एफडीएने त्या दिवशी 'किमराया' नावाच्या एका उपचाराला परवानगी दिली. ल्युकेमियाच्या (म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या) एका प्रकारात बाकी सगळे उपाय थकलेली मुलं आणि २५ वर्षांपर्यंतचे तरुण, एवढ्यांसाठीच. डोस एकच. किंमत ४,७५,००० डॉलर! तेव्हाच्या भावाने जवळपास तीन कोटी रुपये.

कुणालाही पडेल असा पहिला प्रश्न: असं काय सोनं घातलंय त्यात?

आज त्याचाच हिशोब मांडू या. कारण हे औषध कुठल्या कुठल्या गावांवरून आलंय ते बघितलं, की किमतीचा प्रश्नही वेगळा दिसायला लागतो.

आधी थोडं शास्त्र, अगदी कामापुरतं. आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. विषाणू शिरलेली पेशी दिसली की त्या तिला ठार मारतात. पण कॅन्सरची पेशी पडली घरचीच. ती वेष बदलते, लपते आणि शिपायांच्या नाकाखालून निसटते. दुसरीकडे अँटिबॉडी नावाची प्रथिनं असतात. त्यांची नजर तीक्ष्ण, पेशीच्या पृष्ठभागावरची नेमकी खूण ती अचूक पकडतात. पण टी पेशीसारखं थेट मारणं त्यांच्या हातात नाही. मग एकाची नजर आणि दुसऱ्याचा हात एकत्र का करू नये?

इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या झेलिग एश्हार यांनी १९८९ मध्ये हेच केलं. (जपानमध्ये कुरोसावा यांच्या गटानेही १९८७ मध्ये अशीच जोडणी करून पाहिली होती.) अँटिबॉडीचा ओळखणारा तुकडा टी पेशीच्या मारणाऱ्या यंत्रणेला जोडायचा. अर्धं शरीर एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, आपल्या नरसिंहासारखं. ग्रीक पुराणातल्या अशाच एका प्राण्यावरून पुढे त्याला 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' म्हणू लागले, थोडक्यात 'कार'. आणि हा रिसेप्टर बसवलेली टी पेशी म्हणजे 'कार-टी'.

कल्पना झकास, पण माणसांवर चालली नाही. पेशी शरीरात सोडल्या की लवकरच नाहीशा व्हायच्या. कारण टी पेशीला नुसतं 'शत्रू दिसला' एवढं सांगून भागत नाही, 'आता वाढ आणि टिकून राहा' असा दुसरा सिग्नलही लागतो. तो बसवायला पुढची दहा-बारा वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये मिशेल सादलँ यांनी एक तुकडा वापरला (२००२), तर मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये दारियो काम्पाना यांनी दुसरा (२००४).

आता आपले मुख्य पात्र, डॉ. कार्ल जून.

या गृहस्थांचा प्रवास मोठा गमतीशीर आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या भरतीत आपला नंबर लागणार हे दिसल्यावर ते नौदलाच्या अकादमीत गेले आणि नौदलाच्याच खर्चाने डॉक्टर झाले. अणुयुद्ध झालंच तर किरणोत्साराने मज्जा जळालेल्या सैनिकांना वाचवणारं कुणीतरी हवं, म्हणून नौदलाने त्यांना सिअ‍ॅटलला बोनमॅरो ट्रान्सप्लांट शिकायला पाठवलं. जून यांना टी पेशींची गोडी लागली ती तिथे. परत आल्यावर कॅन्सरवर काम करायचं होतं, पण नौदलाला कॅन्सरमध्ये काय रस? पैसा होता तो संसर्गजन्य रोगांसाठी. मग जून एचआयव्हीकडे वळले.

त्या 'नाइलाजा'तून दोन गोष्टी हाती आल्या. एड्समध्ये टी पेशीच मरतात, त्यामुळे त्या प्रयोगशाळेत वाढवता येतात का हे बघणं आलं. जून आणि ब्रूस लेव्हिन यांनी चुंबकीय मण्यांवर योग्य ते सिग्नल चिकटवून टी पेशी भरपूर वाढवण्याची युक्ती काढली. ही पहिली. दुसरी म्हणजे खुद्द एचआयव्ही! हा विषाणू टी पेशीत शिरून आपला जीन तिच्यात घुसवण्यात वस्ताद. त्याचं विष काढून घेतलं आणि आपल्याला हवा तो जीन त्याच्या पाठीवर लादला, तर झाला उत्तम हमाल. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जून यांच्या गटाने असा हमाल माणसांत पहिल्यांदा वापरला, तोही एचआयव्हीच्याच रुग्णांवर.

वेळ मात्र वाईट होती. याच विद्यापीठात १९९९ मध्ये, वेगळ्या गटाच्या जीन थेरपीच्या प्रयोगात, जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला होता. त्यानंतर या क्षेत्राचं नाव काढलं तरी लोक सावध व्हायचे. त्यातच २००१ मध्ये जून यांची पत्नी कॅन्सरने गेली. प्रयोगासाठी सरकारी पैसा मिळेना. शेवटी एका जोडप्याने सून कॅन्सरने गेल्यावर काढलेल्या संस्थेचं अनुदान कामी आलं.

२०१० च्या उन्हाळ्यात तीन रुग्णांना कार-टी दिल्या. तीनच, कारण पैसे तेवढेच होते! पुढे जे झालं त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसेना. तिघांपैकी दोघांचा कॅन्सर पूर्ण नाहीसा झाला. त्या पेशी दहा वर्षांनंतरही दोघांच्या रक्तात सापडल्या, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग एप्रिल २०१२. सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड. ल्युकेमिया दोनदा उलटलेला. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. स्टीफन ग्रुप यांनी तिला कार-टी दिल्या. लहान मुलांत हे पहिल्यांदाच होत होतं. काही दिवसांत प्रचंड ताप, रक्तदाब ढासळलेला, पोर व्हेंटिलेटरवर. ती वाचणार नाही अशीच चिन्हं. आणि ती गेली असती तर एमिलीबरोबर हा सगळा मार्गच बंद झाला असता. गेल्सिंगर कुणी विसरलं नव्हतं.

तेवढ्यात रक्ततपासणीचा निकाल आला. आयएल-६ नावाचं प्रथिन प्रमाणाच्या कित्येक पटींनी वाढलेलं. हे नाव जून यांच्या ओळखीचं होतं, पण कॅन्सरमुळे नव्हे! त्यांच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता, आणि आयएल-६ ला अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध मुलांच्या संधिवातासाठी अमेरिकेत २०११ मध्येच मंजूर झालं होतं. बाप म्हणून ठेवलेलं लक्ष डॉक्टर म्हणून उपयोगी पडलं. औषध दिलं आणि काही तासांत ताप उतरायला लागला. एमिली शुद्धीवर आली ती २ मे रोजी, तिच्या सातव्या वाढदिवशी. कॅन्सर गेला होता. २०२२ मध्ये तिने कॅन्सरशिवायची दहा वर्षं पूर्ण केली. आणि हे टोसिलिझुमॅब आलं कुठून? ओसाकाच्या किशिमोतो यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून.

म्हणजे बघा. नजर अँटिबॉडीची, जोडणी इस्राएलची, दुसरा सिग्नल मेम्फिसचा, पेशी वाढवायची कृती आणि हमाल एड्सच्या संशोधनातला, जीव वाचवणारं औषध संधिवाताचं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या लायब्ररी दुसऱ्यांच्या. जून यांचं मोठेपण कमी होत नाही. वीस-पंचवीस वर्षं चिकाटीने त्या एकत्र आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण उसनवारी होतीच. त्यावरून भांडणही झालं. काम्पाना यांच्याकडून आलेल्या तुकड्यावरून सेंट ज्यूड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ कोर्टात गेले, २०१५ मध्ये तडजोड झाली. नोव्हार्टिस कंपनी यात आली २०१२ मध्ये. तिने कारखानदारी उभी केली, मोठ्या चाचण्या केल्या, त्याला खर्च आहेच. पण त्याआधीची बरीच वर्षं करदात्यांच्या आणि देणगीदारांच्या पैशावर गेली होती.

आणि इथे गोष्ट पवईला येते. आयआयटी बॉम्बेचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी, अमेरिकेच्या एनआयएचमधल्या सहकाऱ्यांच्या मदतीने, स्वतःची कार-टी बनवली. जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटा मेमोरियलच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला ती दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने तिला भारतात परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. किंमत त्या वेळी चाळीस लाखांच्या आसपास. तीन कोटींच्या पुढे स्वस्तच, पण आपल्याकडच्या बहुतेक घरांना तेही राहतं घर विकूनच जमेल.

उगाच चमत्कारही समजू नये. गाठीच्या कॅन्सरवर (स्तन, फुप्फुस वगैरे) कार-टीला अजून असं यश नाही, आणि उपचारानंतर क्वचित दुसराच कॅन्सर होऊ शकतो असा इशारा एफडीएने २०२४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर घालायला लावला. किंमत मात्र उतरू शकते, हे पवईने दाखवलं.

तर, सोनं काय घातलंय त्यात? एड्सच्या रुग्णांनी दिलेलं रक्त, सून गमावलेल्या जोडप्याची देणगी, ओसाकातली वर्षं, एका बापाचं लक्ष. यातलं काहीही एका कंपनीच्या तिजोरीतून आलेलं नाही. इतक्या जणांकडून उसनं घेऊन उभं राहिलेलं औषध शेवटी किती जणांच्या दारापर्यंत पोचलं, ते मोजल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही.