वर्दीचे भय

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तीन गावे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात मोडतात. त्याच आयुक्तालयात भिवंडीही आहे. आणि पोलीस व नागरिक यांच्या सहकार्याचा इतिहास सांगावयाचा, तर आरंभ भिवंडीपासूनच करावा लागतो.

१९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भिवंडी दंगलीत होरपळली. १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे पोलिसांसमवेत एकत्र बसू लागली, तीही दंगल नसताना! पुढे डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी मात्र शांत राहिली. आमच्या मते याचे मर्म एवढेच, की वर्दीतला माणूस लोकांच्या ओळखीचा झाला होता.

आजचा ऑनलाइन चोर जगतो तो वर्दीच्या भयावर. मोबाइलच्या पडद्यावर खोटा अधिकारी अवतरतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणतो, 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो आणि दरडावतो, की कोणाशी बोलू नका. आपल्या कायद्यात अशी अटक मुळी नाहीच. परंतु हे सांगणारा कोणी त्या घटकेला जवळ नसतो. दंगल चव्हाट्यावर होते. ही लूट बंद दाराआड होते. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात उधारी दिली जाई ती माणूस पाहून. आता माणूस न पाहताच पैसा जातो.

गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने सरकतो. देशभर चालणाऱ्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार गेली, तर वाटेतली रक्कम बँकांना गोठविता येते. नेमका हाच वेळ आपली माणसे लाजेपायी दवडतात. घरचे काय म्हणतील, चौकीत हसतील काय, या विचारात रात्र जाते. चौकीतला हवालदार आधीपासून ओळखीचा असता, तर पाय इतके जड झाले नसते.

मुख्य चोर कंबोडियात किंवा म्यानमारमध्येही बसलेला असेल. त्याला मोहल्ला समिती काय करणार, असे कोणी विचारील. खरे आहे. पण कमिशनच्या लोभाने आपले बँकखाते परक्याला वापरू देणारा तरुण परदेशात नसतो. तो आपल्याच चाळीत राहतो, आणि त्याच्या हाती एकाएकी पैसा खेळू लागला, हे पोलिसांच्या आधी शेजाऱ्यांना दिसते.