रॅपची मराठी कुळी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत १९७३ च्या सुमारास नृत्याच्या मेळाव्यांतून उदयास आलेले आणि १९८२ च्या ‘द मेसेज’ या गीतापासून कृष्णवर्णीयांच्या दैन्याची रोखठोक साक्ष देऊ लागलेले रॅप अमरावतीच्या विपीन तातडसारखे तरुण आज जातिव्यवस्थेविरुद्ध गातात, तेव्हा हे परदेशी कलम नुकतेच येथे रुजले, असे पुष्कळांना वाटते; परंतु या गायनाची मराठी कुळी फार जुनी आहे.

जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचला, पुढे सत्यशोधकांनी तमाशाचा ढाचा घेऊन जलसा उभा केला, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात भीमराव कर्डकांनी तोच जलसा आंबेडकरी चळवळीच्या सेवेस लावला. शाहीर डफावर थाप देऊन पाणवठ्याची बंदी, वेठबिगार, गावकीचा जुलूम यांची फिर्याद अर्धी बोलून, अर्धी गाऊन मांडतो. शेवटचा शब्द झीलकरी उचलतात, आणि ‘जी जी रं जी’ घुमत असता शाहिराला दम व श्रोत्याला विचार करण्यापुरती उसंत मिळते.

या दोन परंपरांची वैचारिक सोयरीक मात्र रॅपच्या जन्मापूर्वीच, तेव्हाच्या औरंगाबादेत जुळली. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. बाबासाहेबांनीच १९५० साली स्थापिलेल्या महाविद्यालयात, म्हणजे नागसेनवनातील मिलिंदमध्ये, अमेरिकेत अध्ययन करून आलेले म. ना. वानखेडे निग्रो साहित्याचा विचार मांडू लागले, आणि गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तर अमेरिकन ब्लॅक पँथरवरूनच नाव घेतले.

याच औरंगाबादेतील मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला, त्यासरशी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठराव सरकारी दप्तरात राहिला. जळालेल्या घरांची व गेलेल्या माणसांची नोंद मात्र शाहिरांनी गाण्यांत जपली, आणि दर वर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जमणारा जनसमुदाय भीमगीतांतून ती ऐकतो.

म्हणून जातीविरुद्ध रॅप करू पाहणाऱ्या तरुणाने आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डक यांची शाहिरी मुखोद्गत करावी. आरोप पुराव्यानिशी आणि स्वाभिमानाने मांडण्याची शिस्त त्याला आपल्याच घरी शिकावयास मिळेल.